तंबूत स्वयंपाक कुणी करायचा

कुरुळीत कुसुमताईंना ओळखत नाही तो कंपनीत कालपरवाच लागलेला असणार. वरच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू आणि तळमजल्यावर त्यांची खाणावळ. सकाळच्या शिफ्टची पोरं डबे घेऊन बाहेर पडतात न पडतात, तोच रात्रपाळीची जेवायला हजर. बाईंना क्षणाची उसंत नाही. त्या स्वतः कधी जेवतात हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. सगळे उठले की ओट्यापाशी उभ्याउभ्याच भाकरीचे चार तुकडे आमटीत बुडवून खायचे आणि लगेच भांड्यांकडे वळायचं, हे त्यांचं जेवण. मला ते कधीच पटलं नाही आणि माझी जीभ काही गप्प बसणाऱ्यातली नाही, म्हणून तोंडावर बोललेही. तर म्हणाल्या, "बसलं का उठू वाटत न्हाई, विजू."

त्यांचा एकुलता एक मुलगा निरंजन जर्मनीत असतो. यंदा त्याने आईवडिलांची तिकिटं काढली. पण नुसतं त्याच्या घरी राहायचं नव्हतं. सगळ्यांनी मिळून शेजारच्या देशात जायचं, डोंगरात तळ्याकाठी तंबू ठोकायचा आणि आठवडाभर तिथेच मुक्काम. सून वर्षाली फोनवर आनंदाने सांगत होती, "तिथं हॉटेल नाही आई. छोटी शेगडी असते, स्वयंपाक तंबूबाहेर करायचा."

दौलतराव, म्हणजे ताईंचे यजमान, हे ऐकून हसत सुटले. "जमिनीचं पैसं आलं तवा पक्कं घर बांधलं. आन् आता तंबूत राहाया इमानानं जायचं. मेंढरं बी घ्यावी का संगं?"

ताई हसल्या नाहीत. संध्याकाळी माझ्यासोबत लसूण सोलताना हळूच म्हणाल्या, "मला येक कळंना. पोरानं आईला बोलावलंय, का सैपाकीणबाईला?"

"विचारा की त्याला."

"असं इचारत्यात व्हय लेकाला?"

झालं. तेव्हापासून त्या बाईंना चैन पडेना आणि बॅगेलाही. आधी सगळं भरलं: काळा मसाला, आमटीला लावायचं येसराचं पीठ, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, तुपाची बरणी, लोखंडी तवा, पोळपाट. त्यात हाताचं माप खाणावळीचं. चार माणसांना आठवडाभर पुरेल म्हणून काढलेल्या मसाल्यात अख्खी सेकंड शिफ्ट जेवली असती. बॅग दोघांनी उचलून धान्याच्या काट्यावर ठेवली आणि काटा बघून दौलतराव तिथून सटकले. मग ताईंना राग आला. "न्हाई न्हेत कायबी. खाऊ दे पाव." सगळं बाहेर. पोरं जेवून गेली की तवा पुन्हा आत. तवा आत गेला की स्वेटर बाहेर. मी कंपनीतून यावं तर जिन्याखाली बॅग उघडी आणि ताई तिच्याकडे भांडण उकरून काढल्यासारख्या बघत उभ्या.

त्या दिवसांत भाजीत कधी दोनदा मीठ पडायचं, कधी एकदाही नाही. पोरं मुकाट गिळायची. सांगणार कोण? मीच सांगितलं. तर मलाच म्हणाल्या, "तू तरी नीट बसून खाती, तेवढं पुरे हाय."

शेवटी माझं डोकं फिरलं. रविवारी वर्षालीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी मुद्दाम तिथेच थांबले. तिला मागे बॅग दिसली. "आई, हा तवा कशाला? आणि तूप तर मुळीच आणू नका, विमानतळावर काढून घेतील."

मी मध्ये तोंड घातलं. "अहो, मग ताईंनी तिथं स्वयंपाक करायचा कशात?"

"ताईंनी?" वर्षालीला हसूच आलं. "त्या कशाला करतील? निरंजन सकाळचं करणार, संध्याकाळचं मी. आमचं कधीच ठरलंय. आईंनी खुर्चीत बसायचं आणि तळं बघायचं. जन्मभर लोकांना वाढलं त्यांनी, आता आम्ही वाढू. आई, तुम्ही फक्त गरम कपडे भरा."

मी ताईंकडे पाहिलं ते अगदी जिंकल्यासारखं. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन दौलतरावांच्या हातात दिला आणि बॅगेतलं एकेक बाहेर काढायला लागल्या. तवा, पोळपाट, मसाले. उरल्या दोन साड्या, स्वेटर आणि मोजे.

"आता काय झालं?" मी चिडूनच विचारलं. "मनासारखं झालं ना? सैपाकीणबाई म्हणून नाही बोलावलं."

"व्हय. झालं की." त्या बॅगेपाशी बसल्या आणि लगेच उठल्या. "पर आठ दिस खुर्चीत बसून मी करू काय? ती पोर ताट आणून फुड्यात ठिवंल आन् माझ्या नरड्याखाली घास उतरायचा न्हाई. तिला वाटंल, सासूला माझ्या हातचं गोड लागंना. मला कुणी वाढल्यालं जेवता येत न्हाई गं."

"लग्नात जेवता की."

"लग्नात बी मी वाढपातच असते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस ज्या गोष्टीची भीती, ती तर दूरच राहिली, आणि ही त्याहून मोठी निघाली. जाऊन तिथेही त्या शेगडीपाशी घुटमळणार, सून दुखावणार, आणि एवढ्या लांब जाऊन मायलेकांत एक अवघडलेपण येणार, हे मला लख्ख दिसायला लागलं.

दुपारची गर्दी पांगली होती. मी पाट मांडला, ताट वाढलं आणि त्यांना हाताला धरून बसवलं. त्या पाण्याला उठल्या. पाणी मी आणलं. गॅस बघायला उठल्या, मी बंद करून आले. "दूध उतू जाईल," म्हणाल्या. दूध तापत ठेवलंच नव्हतं. एक गुडघा वर घेऊन, कुणी हाक मारली की पळायचं अशा बेताने त्या बसल्या होत्या आणि घासागणिक दाराकडे बघत होत्या. अर्धी भाकरी झाली, तशी मी टोपलीकडे वळले.

पण उंबऱ्यात पेपर घेऊन बसलेले दौलतराव माझ्याआधी उठले होते. टोपलीचं फडकं त्यांनी भलतीकडूनच उचललं, भाकरी मोडताना तिचे तीन तुकडे केले आणि त्यातला मोठा नेमका चटणीवर वाढला. एवढी वर्षं समोर आलेलं जेवले होते, वाढायचं कशाला ठाऊक असेल?

ताईंनी पदर नीट केला. तुकडा चटणीवरून बाजूला घेतला, खाल्ला. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "आमटी बी वाढा वाईच."