साडूंच्या तोंडाचा वास

स्वतःच्याच तोंडाला माझ्या साडूंइतका भिणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. सरकारी कचेरीत ते वरिष्ठ लिपिक. साहेबापुढे कधी चळचळ कापले नाहीत. कापायचे ते समोरच्याने नाकाला हात लावला की. त्याला सर्दी झालेली असेल, चष्मा सारखा करायचा असेल. साडू वाक्य अर्धवट टाकून दोन पावलं मागे. एकदा आमच्या जिन्यात बोलता बोलता ते असे मागे सरकत गेले, की बोलणं संपलं तेव्हा मी पहिल्या मजल्यावर होतो आणि ते पार्किंगमध्ये.

हे दुखणं सुरू झालं साथीच्या दिवसांत. तोंडावर मास्क चढला आणि साडूंना स्वतःच्या श्वासाचा वास पहिल्यांदा आला. पुढे सगळ्यांनी मास्क टाकले, तरी धुळीचं निमित्त सांगून त्यांनी तो आणखी दोन वर्षं सोडला नाही. खिशात लवंगा, वेलदोडे, बडीशेप इतकी, की माझी मेहुणी त्यांचा शर्ट भिजवण्यापूर्वी सुपात झटकून घेई. दोष पोटाचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कांदा-लसूण सुटला, रोज चूर्ण सुरू झालं, आठवड्याचे तीन उपास आले. कचेरीत खिडकीशी कुणी काही विचारलं, की साडू चिठ्ठीवर उत्तर लिहून पुढे सरकवायचे. लोकांना तो नेहमीचा पुणेरी तुसडेपणा वाटला; कुणी तक्रारसुद्धा केली नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी मला एकट्याला गाठायचे आणि लांबूनच विचारायचे, “खरं सांगा, येतो का हो?” मी म्हणायचो, छे, मनाचे खेळ आहेत तुमच्या. येत होता. चांगलाच येत होता. पण इतक्या धास्तावलेल्या माणसाला हो कसं म्हणायचं?

गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर लोणी काळभोरला गेलो. तिथे त्यांचे वडील थोरल्या मुलाकडे असतात. ऐंशी ओलांडलेली, ऐकू फारच कमी. उजव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तरच कळतं. कानाचं यंत्र दिलं तर ते कपाटात. साडू त्यांच्यापासून हातभर लांब बसले आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवू लागले. म्हातारा एकेक अक्षर लावून वाचायचा, मान हलवायचा. साडू हात धुवायला मागल्या दारी गेले, तसं म्हाताऱ्यानं मला जवळ बोलावलं.

“तुमास्नी ठावं हाय का? चार वर्सं झाली, ह्यो माझ्याशी बोलत न्हाई. माझं काय चुकलं?”

काहीच नाही चुकलं, असं मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. माझ्यासारख्या परक्याला ते साधलं, याचीच मला लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये साडू खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते. मी म्हटलं, “साडू, येतो.” काय, असं त्यांनी विचारलं नाही. हडपसरला त्यांनी तोंड आत घेतलं. मग म्हणाले, “कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

स्वारगेटला उतरल्यावर एवढंच म्हणाले, “सांगितलंत, बरं केलंत. जरा लवकर केलं असतंत.”

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण बाई. साडू खुर्चीतसुद्धा मान फिरवून बोलायला लागले, तेव्हा तिनं हनुवटी धरून त्यांना सरळ केलं. तपासून म्हणाली, पोटाचा काही संबंध नाही. हिरड्यांखाली कित्येक वर्षांचं किटण साचलंय, जिभेवर थर आहे. उपासांनी तोंड कोरडं पडून वास वाढतोय, आणि सतत लवंगा धरून हिरड्या भाजल्यात त्या वेगळ्याच. तीन खेपांत साफ करू. नंतर रोज दातांच्या फटी दोऱ्यानं आणि जीभ घासणीनं साफ करायची, पाणी भरपूर प्यायचं. मग तिनं विचारलं, “काका, इतक्या वर्षांत तुम्हांला कुणी सांगितलं नाही?”

“आमच्याकडे सगळे फार सभ्य आहेत,” साडू म्हणाले. माझ्याकडे न बघता.

दोनएक महिन्यांत वास गेला. मेहुणीनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं. माझ्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती, तरी मीही शपथेवर सांगितलं. साडूंचा विश्वास बसायला आणखी महिना लागला. मग एका रविवारी मला घेऊन ते लोणीला गेले. वडील ओसरीवर बसले होते. साडू त्यांच्या अगदी लगत टेकले, तोंडावर हात धरला, काढला, पुन्हा धरला. शेवटी कानाशी वाकून म्हणाले, “आप्पा, मी आलोय.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग चाचपत मुलाच्या गालावर हात ठेवून म्हणाला, “आवाज म्हातारा झाला रं तुझा.”