शर्टच्या पुठ्ठ्यावरचा मनोरा

माझी टॅरो कार्डं बघून नवी माणसं आधी हसतात. हसू देत. शर्टच्या पाकिटात आत जो पांढरा पुठ्ठा असतो ना, तो कापून मी बावीस पत्ते केलेत आणि मार्करने चित्रं काढलीत. दुकानातला चकाचक संच आता सहज घेऊ शकते, पण घेणार नाही. मला या पुठ्ठ्यांचा माज आहे, आणि तो का आहे ते सांगते.

तेव्हा मी कॉलेजात होते, मोबाइलवर व्हिडिओ बघून टॅरो शिकले होते. चित्रकलेची मात्र बोंब. मनोऱ्याचा पत्ता म्हणजे सगळं कोसळणार असं सांगणारा. त्यावर मी सरळ समोरची बिल्डिंग काढली आणि वरून वीज पाडली. शेजारची काकू म्हणाली, "रिडेव्हलपमेंट का गं?" तरी घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या अर्ध्या बायका माझ्यासमोर येऊन बसायच्या. मी भविष्य सांगायचेच नाही. पत्ता उचलायला लावायचे आणि विचारायचे, "यात तुला काय दिसतं?" मग त्याच बोलत सुटायच्या.

पप्पांना हे अजिबात खपायचं नाही. आमचं घर बौद्ध. देव नाही, नवस नाही, पत्रिका नाही. "आपल्या आज्या-पणज्यांनी हे सगळं सोडलं, आणि तू पुठ्ठे कापून परत घरात आणतेस?" मी पण त्यांचीच पोरगी. तोंडावर म्हणायचे, "पप्पा, यात जादूबिदू काही नाही. शर्टचा पुठ्ठा आहे."

त्यातच ताईचं लग्न ठरलं. मुलगा इंजिनीअर, घर चांगलं. पप्पांनी हौसेने पार गावापर्यंत फोन केले, साखरपुड्याचा हॉल ठरवला. ताई मुलुंडला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. ती मुळातच कमी बोलणारी. "तुम्ही म्हणाल तसं," एवढंच म्हणाली, आणि सगळ्यांनी तो होकार धरला. जेवण मात्र तिचं सुटलं होतं. मला ते बघवेना.

साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी मी तिच्यापुढे पत्ते पालथे मांडले. पप्पा पलंगावर मुद्दाम आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. ताईने डोळे मिटले नाहीत की काही नाही. सरळ एक पत्ता उचलला. मनोरा.

"काय पडतंय, ताई?"

"माझी नोकरी," ती म्हणाली. "लग्नानंतर सोडायची, असं त्याने सांगितलंय. मला नाही सोडायची. मला हे लग्नच नाही करायचं गं."

पप्पा उठले. म्हटलं, वाट लागली, आता पत्ते गटारात जाणार. पण ते आमच्याजवळ खाली बसले, तो पत्ता उलटसुलट करून बघितला.

"शाई मागे उतरलीय," ते म्हणाले. "पालथा असला तरी मनोरा दिसतोय."

मी खलास! इतके महिने पत्ते मांडत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. चाळीतल्या बायकांनाही दिसत असणार, मेल्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच पत्ता उचलत होत्या.

"तू बघून उचललास?" पप्पांनी ताईला विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

त्यांनी तिथल्या तिथे मुलाच्या वडिलांना फोन लावला. "हे लग्न होणार नाही." पलीकडचा चढलेला आवाज आम्हालाही ऐकू येत होता. हॉलचं काय, पाहुण्यांना काय सांगायचं? पप्पा शांतपणे म्हणाले, "सांगा, मुलगी नाही म्हणाली." माझी छाती अशी फुगली की काय सांगू. माझ्या पुठ्ठ्यांनी हे करून दाखवलं होतं, आणि माझ्या बापानेसुद्धा.

ताई रडायला लागली. "पप्पा, लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू देत," ते म्हणाले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "एवढं शिकवलं तुला, आणि बापाला नाही म्हणायला तुला पुठ्ठा लागला. माझं चुकलं, बाळा."