फुग्याचं खरं माप

देशाच्या संरक्षणाविषयी मावशींना कुणी काही विचारत नसे आणि त्यांनाही त्याचं फारसं दुःख नव्हतं. नोकरी क्षेपणास्त्र-चाचणी केंद्रात होती खरी, पण शिवणखात्यात. कँटीनच्या मागच्या शेडमध्ये, लांबलचक टेबलावर चंदेरी कापड अंथरून त्या फुगे शिवत. शत्रूचं क्षेपणास्त्र वाटेतच फोडणाऱ्या एका अवाढव्य यंत्रणेवर देश बारा वर्षं पाण्यासारखा पैसा ओतत होता. तिला सगळे नुसतं ‘ढाल’ म्हणत. त्या पाण्याचा अगदी शेवटचा थेंब मावशींच्या दोऱ्याच्या रिळावर पडे.

फुगे कशाला, असं कुणी विचारलं की मावशी मशीन थांबवून समजावत. शत्रू काही खुळा नाही. तो आपल्या बॉम्बसोबत चार-पाच फसवे फुगे सोडणार. खूप वर हवाच नसते, त्यामुळे तिथं फुगा आणि लोखंड हातात हात घालून सारख्याच वेगानं चालतात. त्यांतलं खरं ओळखून ढालीनं नेमकं तेवढंच फोडायचं. म्हणून चाचणीतसुद्धा नकली बॉम्बसोबत मावशींचे फुगे सोडले जात.

आतापर्यंत नऊ चाचण्या झाल्या होत्या आणि आठ पास. मावशींचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर. ते प्रत्येक पास चाचणीची बातमी अशा आवाजात वाचत, की ऐन वेळी ब्रेक त्यांनीच मारला असावा. शेजारीपाजारी मान डोलवत. मावशी मात्र भाजी चिरत राहत, आणि एकदा न राहवून म्हणाल्या, “अहो, बॉम्बाच्या दुप्पट मोठा फुगा तर मीही ओळखीन. चष्म्याशिवाय.”

यजमानांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. देशाचा एवढा अपमान त्यांच्या ताटासमोर आजवर झाला नव्हता.

पण मावशी बोलल्या त्यात खोट काहीच नव्हती. नापास झालेली चाचणी पहिलीच होती. त्या वेळी त्यांनी फुगे बॉम्बाच्या मापाचे शिवले होते आणि ढालीनं बॉम्ब सोडून फुगा फोडला होता. दुसऱ्याच आठवड्यात वरून चिठ्ठी आली: ढालीची नजर सुधारेपर्यंत, तात्पुरतं, फुगे दुप्पट मोठे करावेत. मावशींनी दुप्पट केले. मग चिठ्ठी लिहिणारे साहेब बदलून गेले, फुग्याचा नकाशा नव्यानं काढला गेला आणि नकलून घेताना ‘तात्पुरतं’ हा शब्द गळून पडला. पुढे आलेल्या संचालकांनी आकड्यांवर विश्वास ठेवला. शत्रूचे फुगे एवढेच असतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. केंद्रात दोन डझन शास्त्रज्ञ होते, पण जुना कागद एकाकडेही नव्हता. मावशींकडे होता. कापड बेतायचा कागद कुठली शिवणारी बाई टाकून देते? पहिल्या फुग्याचा कागद, त्यावर तारीख, आणि त्यालाच टाचणीनं टोचलेली ती चिठ्ठी, असा सगळा ऐवज शेडच्या कपाटात होता.

आणि आता सरकार साठ नव्या ढाली घेणार होतं. रक्कम एवढी, की पेपरातल्या ओळीत तिची शून्यं मावेनात. खरेदीच्या कागदावर सही करायची की नाही हे ठरवायला चौकशी समिती केंद्रात आली. तिच्या अध्यक्षबाई राजकारणात येण्याआधी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि हे कुणी न सांगताही कळत होतं. त्या खोलीत शिरल्या की संचालकसुद्धा हात मागे बांधत.

समिती शेडमध्ये येण्याआधी संचालकांनी मावशींना बजावून ठेवलं, की विचारलं तर शिवणीबद्दल सांगायचं, बाकी आमच्यावर सोडायचं. मावशींना निवृत्त व्हायला सात महिने उरले होते. त्यांनी मान हलवली आणि तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं.

अध्यक्षबाईंनी फुगा हातानं चाचपून पाहिला. शिवण पक्की असल्याचं कौतुक केलं. मग सहज विचारलं, “शत्रूसुद्धा एवढेच मोठे शिवतो का हो?”

मावशींनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. हो म्हणावं तर सात महिने निर्धास्त. पण आठ वर्षं आपण मुद्दाम वाईट फुगा शिवत आलो, आंधळ्यालाही कळेल असा, आणि त्याच्या जिवावर आता साठ ढाली येणार, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. शिवणाऱ्या बाईला दुसरं काहीही म्हणा, पण तिचं माप चुकलं म्हणू नका.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तो खुळा असेल तरच.”

मग कपाट उघडलं गेलं. जुना कागद टेबलावर अंथरला, चिठ्ठी वाचली गेली. संचालकांनी ती दोनदा वाचली. शिक्का त्यांच्याच कार्यालयाचा होता. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला, पण माणूस खानदानी, कागद खोटा आहे असं म्हणाले नाहीत. इतकंच म्हणाले, की आता ढालीची नजर पुष्कळ सुधारली आहे, मूळ मापाचे फुगेसुद्धा ती ओळखील.

“मग मी नुसतं माप नाही, पोशाखच सारखा करते,” मावशी म्हणाल्या. एकदा तोंड उघडल्यावर त्या थांबेनात. नोकरीआधी त्या शाळेचे गणवेश शिवत. एका रंगाच्या कपड्यातली चाळीस पोरं फाटकाबाहेर आली, की जन्मदात्या आईलाही आपलं पोर सापडत नाही. मग फुगे बॉम्बासारखे कशाला करायचे? बॉम्बालाच फुग्याचं झबलं घाला. सहा सारखी झबली, पाच रिकामी, एकात बॉम्ब.

समितीतल्या दोघांना काही कळलं नाही. अध्यक्षबाईंना तत्काळ कळलं. तीस वर्षं त्यांनी त्याच फाटकात उभं राहून हरवलेली पोरं शोधली होती. सही करण्यापूर्वी मावशींच्या मापानं एक चाचणी घ्या, असं त्यांनी तिथंच सांगितलं. संचालकही इरेला पेटले. ढाल शिवणकामाला घाबरत नाही, असं ते म्हणाले, आणि ते वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस ऐकवलं गेलं.

मावशींनी सहा झबली शिवायला नऊ दिवस घेतले. एकेक टीप उसवून पुन्हा घातली. घरी यजमान अस्वस्थ. ढाल हरली तर देशाचं नाक कापलं जाणार आणि जिंकली तर बायकोचं. शेवटी त्यांनी दोन्ही बाजूंनी पाठिंबा जाहीर केला.

सकाळी अकराला चाचणी झाली. मोठ्या पडद्यावर सहा ठिपके एका रांगेत सरकत होते, जुळ्यांसारखे. ढालीनं एक क्षेपणास्त्र सोडलं. एक ठिपका विझला. टाळ्यांचा कडकडाट झाला. यंत्रावरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, की तो रिकामा होता. दुसरं आणि शेवटचं क्षेपणास्त्र सुटलं. दुसरा ठिपका विझला. या वेळी टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सगळे त्या माणसाकडे पाहत राहिले आणि तो म्हणाला, हाही रिकामाच.

बॉम्ब चौथ्या झबल्यात होता. तो आरामात जाऊन, ठरल्या जागी, समुद्रात पडला.

सभागृहाच्या मागच्या रांगेत मावशी ताठ उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. उभ्या आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकानं त्यांच्या शिवणीला एवढी मोठी पावती दिली नव्हती. अध्यक्षबाईंनी खरेदीच्या कागदावर सहीऐवजी एक आडवी रेघ मारली, आणि ही झबली ओळखता येतील तेव्हाच परत या, असं शांतपणे लिहिलं.

यजमानांनी बातमी वाचली ती पूर्वीपेक्षाही मोठ्या आवाजात. देशाचा सगळा पैसा वाचवला तो यांच्याच घरातून, हे खालच्या मजल्यापर्यंत पोहोचलं पाहिजे ना.

सोमवारी सकाळी संचालक एकटेच शेडमध्ये आले. मावशींना वाटलं, आता सात महिन्यांचा निकाल लागणार. पण साहेब एक स्टूल ओढून बसले, त्या चंदेरी कापडाचं टोक हातात घेतलं आणि म्हणाले, “मावशी, शत्रू आणखी काय काय शिवू शकेल?”

मावशींनी चष्मा चढवला, कोरा कागद पुढ्यात ओढला. आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून काय त्यांनी विचार केला नव्हता?

“नीट टेकून बसा,” त्या म्हणाल्या. “वेळ लागेल.”