मन्मथच्या जीपचा टर्बो

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या महालिंगअप्पांच्या अंगणात उघडते, यात माझा काही दोष नाही. भाकरी थापता थापता कानावर पडतं ते पडतं. पडलेलं तसंच कसं टाकून द्यायचं? मी उचलून ठेवते. असं करता करता नुसत्या एका जीपचे एवढे किस्से साठलेत, की आमचे हे म्हणतात, "खिडकीला पडदा तरी लाव, न्हाईतर चौकशी खिडकी म्हणून पाटी तरी लाव."

जीप अप्पांच्या मुलाची, मन्मथची. पालमात अप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. मन्मथ दुकानात बसतो, पण जीव सगळा जीपमध्ये. जुनी डिझेल जीप आणली, तिला ही जाड टायरं लावली, बॉडी हातभर वर उचलली आणि इंजिनाला टर्बो बसवून घेतला. टर्बो म्हणजे काय, हे मला त्यानंच सांगितलं. "काकू, इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा पंखा. गाडीला दम येतो."

उंची एवढी झाली की अप्पांना नुसतं आत डोकवायला पाट ठेवावा लागायचा. कुणी विचारलं की मन्मथ ऐटीत सांगायचा, मॉडिफाय केलीय. अप्पा पाटावर एक पाय ठेवून म्हणायचे, "मोडीफाय. मोडायचं नावातच हाय."

*

जोर दिला की टर्बो शिट्टी मारायचा. बारीक, लांब, थेट आमच्या कुकरसारखी. मन्मथची दुकानात जायची वेळ आणि माझी डाळ शिजायची वेळ एकच. निघताना तो दोनदा गाडी रेस करायचा. दोन शिट्ट्या त्याच्या, एक माझ्या कुकरची. झाल्या तीन. मी गॅस बंद.

जेवताना हे म्हणाले, "आज डाळीत खडे लय हायेत."

खडे नव्हते. ती डाळच होती.

*

मग एका संध्याकाळी गल्लीत पांढरा धूर आला. एवढा, की समोरचा खांब दिसेना. मला वाटलं नगरपंचायतीचं डास मारायचं मशीन आलं. दारं-खिडक्या सताड उघडल्या, पिण्याचं पाणी झाकलं, ह्यांना हाताला धरून बाहेर काढलं. गल्लीत आवाज देऊन आणखी चार घरांना उघडायला लावलं. नंतर त्या चारही घरांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

कारण धुरातून मन्मथ बाहेर आला. तोंड उतरलेलं. "काकू, टर्बो गेला."

डास एकही मेला नाही.

त्याच दिवशी अप्पांनी फोन लावला. देवगाव फाट्यावर एक हॉटेलवाला आहे, तो कधीचा जीप मागत होता. अप्पा म्हणाले, "रविवारी या. नीट करून ठेवतो, घेऊन जा." झालं. अप्पा दिलेला शब्द कधी मागं घेत नाहीत, हे अख्ख्या पालमाला ठाऊक. मन्मथ रात्री जेवला नाही, असं त्याच्या आईनं, महानंदावैनींनी, मला खिडकीतून सांगितलं. कितीतरी सण पोरानं अंगाला नवा कपडा घेतला नव्हता, जीपला घेत होता. आणि आता तीच जीप दुसऱ्यासाठी नीट करायची.

*

दुरुस्तीला उस्मान उस्ताद अंगणातच आले. त्यांच्या गॅरेजात जीप नेली असती तर वाटेत सगळ्या गल्ल्यांनी खिडक्या उघडल्या असत्या. जुना टर्बो काढून पेपरवर ठेवला. नवा परभणीहून एसटीच्या पार्सलनं आला. दोन्ही शेजारी मांडले. गोल, वेटोळं घातलेलं लोखंड.

अप्पा वाकून बघत राहिले. यंदा शंखी गोगलगायींनी त्यांचं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. म्हणाले, "ही तर गोगलगाय हाय. वावरात एक खाऊन गेली, आता घरात दुसरी आणलायत."

वैनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मीठ टाकू का वरून?"

*

नवा टर्बो बसवताना उस्तादांनी मेडिकलमधून इंजेक्शनची सुई-नळी मागवली. सुई काढून टाकली, नळीत तेल भरलं आणि टर्बोत सोडलं. कोरडा फिरला तर पहिल्या मिनिटालाच मरतो म्हणे. तोवर मी तीन घरी सांगून आले होते की जीपला इंजेक्शन द्यायलेत. एकीनं विचारलं, कुठं? मी म्हटलं, कमरंत.

परत खिडकीशी येते तर अंगणात सगळे वाकून बघत होते. उस्तादांच्या हातात करंगळीएवढी नळी होती, टर्बोला तेल पोचवणारी. आतून जळून कोळसा झालेली.

"नवा बी असाच जाईल," उस्ताद म्हणाले. "पळून आल्यावर टर्बो लाल तापलेला असतो. तसाच बंद केला की आतलं तेल जागच्या जागी जळतं. गाडी थांबल्या थांबल्या चावी कोण काढतं?"

मन्मथ टायरकडे बघायला लागला. वैनी आभाळाकडे. मीसुद्धा खिडकीतून मागं झाले, पण अर्धीच.

अख्ख्या गल्लीनं रोज बघितलेलं होतं ते. जीप अंगणात शिरली की अप्पा ओट्यावरून पाट घेऊन पळत यायचे, पाटावर चढायचे, खिडकीतून हात घालायचे आणि खट. वर म्हणायचे, "डिझेल फुकट जळायलंय."

अप्पांनी हळूच विचारलं, "किती येळ चालू ठेवायची?"

"दोन मिनिटं."

आता आमच्या गल्लीत दोन मिनिटं हे काही माप नाही. मन्मथ दोन मिनिटात येतो म्हणून जातो तो जेवायला येतो. अप्पांची दोन मिनिटं म्हणजे लगेच. उस्तादांनाही ते कळलं असावं. त्यांची नजर अप्पांच्या गळ्यातल्या रुद्राक्षाच्या माळेवर गेली.

"अप्पा, गाडी थांबली की एक माळ जपायची. एकशे आठ पुरे झाले की मग चावी."

"पंचाक्षरीच ना?"

"जी. पण सावकाश."

*

शनिवारी ट्रायल होती. गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी आपण बघून घ्यावं म्हणून अप्पा पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसले. कॅनॉलपर्यंत जाऊन येतो म्हणाले. आले ते दोन तासांनी, गंगाखेडला जाऊन. डोक्याची टोपी हातात धरलेली.

अंगणात गाडी थांबली. अप्पांनी माळ काढली, एकशे आठ जपले, मग स्वतः चावी फिरवली. जेवताना एवढंच विचारलं, "ती शिट्टी वाजती तवा तू पायानं नेमकं काय करतूस?"

मन्मथनं सांगितलं. वैनींनी मला सांगितलं.

*

रविवारी हॉटेलवाला आला. हार, नारळ, पेढे, सगळं घेऊन. मन्मथनं सकाळीच जीप धुऊन पुसून ठेवली होती आणि आता भिंतीला टेकून उभा होता.

हॉटेलवाल्यानं अप्पांना शेजारी बसवून स्टँडपर्यंत चक्कर मारली. परत आला तो खुशीत. दम हाय गाडीत, म्हणाला, आणि बंद करायला चावीकडे हात नेला.

अप्पांनी तो हात धरला. "थांबा. माळ व्हायची हाय."

डोळे मिटले, जप सुरू केला. हॉटेलवाल्यानंही भक्तिभावानं हात जोडले. एक माळ झाली. अप्पांनी मेरुमण्यापाशी माळ उलटी फिरवली आणि दुसरी धरली. चहा आला, साय धरून गार झाला. इंजिन चालूच. तिसरी माळ. हॉटेलवाल्यानं खाली उतरून मन्मथला खुणेनं विचारलं, किती?

मन्मथ म्हणाला, "मधी बोललेलं चालत न्हाई त्यांना."

पाचव्या माळेला हॉटेलवाल्यानं घड्याळ बघितलं. साडेअकराची परभणी एसटी लागायची वेळ झाली होती. त्यानं अप्पांकडे बघितलं, जीपकडे बघितलं, नारळ तिथंच ओट्यावर ठेवला, बंद डोळ्यांच्या अप्पांना लांबूनच नमस्कार केला आणि स्टँडच्या वाटेला लागला.

गल्लीच्या वळणावरून तो दिसेनासा झाला. मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून बघत होते.

अप्पांचे ओठ हलायचे थांबले. मान न वळवता, डोळे मिटलेलेच, त्यांनी माझ्या खिडकीला विचारलं,

"वैनी, गेला का?"