सासूबाईंच्या विरजणाची बिअर

आंबट बिअर करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते मस्कतला, अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये. घरी असले उद्योग करणं तिथे कायद्यात बसत नाही, हे पक्कं ठाऊक असून. दिवसभर साइटवर अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, 'यल्ला, यल्ला', आटपा लवकर, ऐकायचं आणि घरी येऊन इंटरनेटवर वाचत बसायचं, यीस्ट कुठलं घ्यावं, आंबवायला जिवाणू कुठले. तिकडचे लोक सरळ पुड्या मागवतात. मी कस्टम्सला घाबरणारा, काय मागवणार, कपाळ.

यीस्टचं जमलं. एका मित्राने परदेशातून येताना खिशात घालून एक पुडी आणली. आंबटपणासाठी दुकानातलं लबान, म्हणजे तिथलं ताक, घालून पाहिलं, तर ओल्या मोज्यांसारखा वास सुटला. उत्साहावर विरजण पडलं. आणि तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. काखेत कळसा नि गावाला वळसा. विरजणाची स्टीलची डबी आमच्याच फ्रिजमध्ये होती.

ते विरजण सासूबाईंचं. त्या गेल्या तेव्हा बायकोने पुण्याहून दागिना आणला नाही की साडी आणली नाही, ही डबी आणली. रोज त्यातलंच चमचाभर दुधाला लावायची. "आईचा हात आहे यात," म्हणायची. डबीत उष्टा चमचा घालायचा नाही, एवढाच तिचा नियम.

मी नियम पाळला. ज्या चमच्याने यीस्ट ढवळलं, त्यानेच बिअरसाठी डबीतलं दही काढलं. तोंडाला लावला नव्हता, मग उष्टा कसा?

तीन-चार दिवसांत दह्यावर बुडबुडे आले, पावाचा वास यायला लागला. चमच्यावरून यीस्ट डबीत पोचलं होतं. बायकोने आठवडाभर झगडून पाहिलं. डबी उकळत्या पाण्याने धुतली, मधलंच दही काढून वेगळं लावलं, तरी वास जाईना. पुण्याला भावाला फोन केला. त्यांच्याकडे केव्हापासून पिशवीतलं दही येत होतं. फोन ठेवल्यावर मी खरं काय ते सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला माझीच शरम वाटत होती.

बिअर मात्र फक्कड जमली. पहिला ग्लास भरला तर तिने हात पुढे केला. जन्मात दारूला न शिवलेली बाई. एक घोट घेतला आणि थांबली.

"आईचं ताक," म्हणाली.

मग तिने दूध कोमट केलं, त्यात चमचाभर बिअर घातली आणि झाकून ठेवलं. काय होणार ते मला माहीत होतं. तरी करू दिलं. संध्याकाळी झाकण काढलं तर दूध नासलं होतं.

तिने ते सिंकमध्ये ओतलं, भांडं घासलं, डबीही घासून पालथी घातली.

"उद्या येताना दही आण," म्हणाली. "कुठलंही."