गप्प बाईची लाल पट्टी

थप्पड कानावर बसली तेव्हा माझ्या हातात लाल पट्ट्यांचं बंडल होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कॅज्युअल्टीतले सगळे बघत होते. एकही माणूस हलला नाही.

"मना पुतन्याले हिरवी पट्टी? तुले माहीत शे का मी कोन शे?"

माहीत होतं. धुळ्यातल्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स आहे, त्याचा तो ट्रस्टी. पुतण्या मोटरसायकलवरून घसरला होता. कोपर खरचटलं होतं, पण बोंबलत असा होता की हातच तुटला.

आमच्याकडे पेशंट आला की दारातच मनगटाला रंगीत पट्टी बांधतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. हिरवी म्हणजे थांबू शकतो. बांधायचं काम नर्सचं. नियम एकच, पण माणूस बघून रंग बदलतो. गाडीतून उतरला, लाल. आरडाओरडा केला, लाल. धुळीच्या पायांनी आलेला कितीही पांढरा पडलेला असो, बस तिकडे भिंतीशी.

त्या दुपारी भिंतीशी एक पावरा बाई बसली होती. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यावरची. माझ्याच जमातीची, माझ्याच बोलीची. पदर दातात धरलेला. आमच्या डोंगरात बाईला कळ आली की ती पदर चावते, हूं का चूं करत नाही. इथल्या नर्सेसना वाटतं, गप्प आहे म्हणजे बरी आहे. मी पोटाला हात लावला. लाकडासारखं कडक. ओठ पांढरेफटक. नाडी बोटाखालून निसटत होती. आत रक्त सुटलं होतं. थपडेच्या जरा आधीच मी तिला लाल बांधली होती.

ट्रस्टीनं तीच पट्टी तिच्या मनगटावरून ओरबाडली, पुतण्याला बांधली.

"पावरीन ना तू? तुना लोकेसले लाल बांधस का?"

डॉक्टर कोपर पुसायला धावले. इन्चार्ज सिस्टर माझ्या कानाशी आल्या. "गप्प राहिलीस, शहाणी आहेस."

अरे थू! थपडेपेक्षा हे जास्त झोंबलं. मीसुद्धा पदरच चावत उभी होते की.

खिशातली कात्री काढली. पुतण्याच्या मनगटावरची पट्टी कचकन कापली. ट्रस्टीचा दुसरा फटका तोंडावर आला, दात ओठात घुसला. रक्त गिळत मी तिला स्ट्रेचरवर घातलं आणि ते ढकलत ऑपरेशन थिएटरकडे पळाले. "डॉक्टर, या! मरतेय ती!" घसा फाटेस्तोवर ओरडले. डॉक्टर आले. कोपराचं ड्रेसिंग उरकून आले.

ती टेबलावरच मेली. पदर अजून दातात होता. मला तो ओढून काढावा लागला.

बाहेर तिचा नवरा उभा होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "उशिरा आणलं रे. तुम्ही लोक नेहमीच उशिरा आणता."

त्यानं मान खाली घातली. बिचाऱ्याला वाटलं, चूक आपलीच. माझं टाळकं सरकलं.

"उशिरा आणली नाही! तुम्ही उशिरा बघितली! भिंतीशी बसवून मारली तिला!"

मग तेच आमच्या बोलीत पुन्हा ओरडले, त्याला नीट कळावं म्हणून. त्यानं मान वर केली. तशी मान वर केलेला आमचा माणूस मी त्या दारात कधी बघितला नव्हता.

आम्ही दोघांनी पोलिसांत तक्रार दिली. आता मॅनेजमेंट म्हणतं, ट्रस्टींसमोर हात जोड, प्रकरण मिटव. माफी? माझी चप्पल जाते माफी मागायला! काढायचं तर काढा मला.

पण जोवर त्या दारात उभी आहे, तोवर आधी गप्प बसलेल्याकडे जाईन. आणि ट्रस्टी, उद्या तू छाती धरून आलास तर याच हातांनी तुला लाल बांधीन. नुसता खरचटून आलास तर हिरवी. मग हात उचलून बघ.