शाळेच्या फाटकाशी थांबणारा आवाज

मृणाल सबनीस मूळची अकोल्याची. नवरा अभिजित बँकेत, त्याची बदली लखनौला झाली आणि तिने इंदिरा नगरमधल्या एका खाजगी शाळेत समुपदेशकाची नोकरी धरली. तिला जिन्याखालची खोली मिळाली. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवायचे, त्यामुळे खिडकी उघडी टाकली तरी फुटबॉलच्या रबराचा वास जात नसे. पहिल्या वर्षी शिक्षक तिच्याकडे मुलं पाठवायचे ती शिक्षा म्हणून. वर्गात दंगा केला की 'जा, काउन्सेलर मॅमकडे.' मुलं दारात येऊन मान खाली घालून उभी राहायची आणि ओरडा सुरू व्हायची वाट बघायची.

मृणाल ओरडायची नाही. तिला लहानपणापासून चौकशा करायची खोड होती. सासरी त्यावरून तिची थट्टा व्हायची, ई-रिक्षावाल्याला गावापासून जावयापर्यंत सगळं विचारते म्हणून. या खोलीत मात्र ती खोड उपयोगी पडली. रडत आलेल्या मुलाला 'का रडतोस' हे ती विचारत नसे. बसमध्ये कुठल्या बाजूला बसतोस, डब्यातली सब्जी कोण संपवतं, असलं काहीतरी विचारायची. तिला ते खरोखरच जाणून घ्यायचं असायचं आणि मुलांना ते कळायचं. हळूहळू मुलं न पाठवता येऊ लागली.

नववीतली जुई मात्र स्वतःहून आली नव्हती. तिला आणलं तिच्या वर्गशिक्षिकेने.

जुई चांदेकर हे नाव शाळेत सगळ्यांना माहीत होतं. वक्तृत्व स्पर्धा असो की स्नेहसंमेलनाचं निवेदन, माइक तिच्याच हातात. तिचे वडील भास्कर चांदेकर रेल्वेत इंजिनियर. घरी आईवडील मराठीत बोलायचे, जुईला सगळं समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची. लखनौतच वाढलेली मुलगी. ऑगस्टच्या सुमारास तिचा शाळेतला आवाज गेला. घसा बसावा तसा नव्हे, पार गेला. हजेरीला ती हात वर करायची. प्रश्न विचारला की ओठ हलायचे आणि बाहेर काहीच यायचं नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, तो ठणठणीत होता. आणि घरी ती नेहमीसारखी बोलत होती. आईशी भांडतसुद्धा होती.

प्रिन्सिपल मॅडमना काळजी होती ती डिसेंबरमधल्या आंतरशालेय स्पर्धेची. भास्करना वाटत होतं, पोरगी नाटक करते. ते मृणालसमोर बसून म्हणाले की घरी तासभर फोनवर बोलते, मग शाळेत काय होतं हिला? तुम्ही जरा समजावा. मृणाल म्हणाली की समजावण्याआधी मला समजून घेऊ द्या.

पहिले काही दिवस ती जुईला काही बोलायला लावत नव्हती. तिने एवढंच सांगितलं की इथे जे होईल ते या खोलीत राहील. फक्त तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं वाटलं तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि तसं करताना मी तुला आधी सांगेन. जुईने मान डोलावली. शिक्षकांनाही मृणालने दोन गोष्टींची विनंती केली. तिला वर्गात उभं करून काही विचारू नका. आणि कधी बोललीच, तर कौतुक करू नका, टाळ्या वाजवू नका, जणू काही झालंच नाही असं वागा. यातली दुसरी गोष्ट शिक्षकांना चमत्कारिक वाटली.

मग जुईच्या आईकडून एक गोष्ट कळली. शाळेच्या बसने जायला जुई हल्ली तयार नसते, बाबांच्या स्कूटरवरच येते. हे ऐकून मृणालला वेगळीच शंका आली. बसमध्ये कुणी काही केलं असेल का? अशा वेळी विचारायचे प्रश्न तिला ठाऊक होते. ते तिने सावकाश, एकेक करून विचारले. कुणी हात लावला का, धमकावलं का, चिडवलं का, घरी कुणाची भीती वाटते का, जगू नये असं कधी वाटतं का. प्रत्येक प्रश्नाला जुईने तिच्या डोळ्यांत बघून मान हलवली. नाही. मृणालला तिचं खरं वाटलं. तरी तिने ज्यांच्याकडे ती सल्ल्याला जायची त्या मानसतज्ज्ञ बाईंशी बोलून घेतलं. त्या म्हणाल्या, घाई करू नकोस, पण लक्ष ठेव.

घरी आवाज असतो, शाळेत नसतो. मग तो नेमका कुठे थांबतो? हा प्रश्न मृणालला स्वस्थ बसू देईना. शेवटी तिने तो जुईलाच विचारला.

'मला खरंच माहीत नाही, जुई. तुला माहितेय? नसेल तर आपण शोधू या का?'

जुईने पहिल्यांदाच जरा नवलाने तिच्याकडे पाहिलं.

रिकाम्या तासाला दोघी शाळेभर हिंडायला लागल्या. बोलायचं काहीच नाही, जमलं तर नुसतं 'म्म' करून बघायचं. फाटकाबाहेर चाटच्या गाडीपाशी जुईचा 'म्म' छान उमटला. फाटकाच्या आत पुसट झाला. वाचनालयात अगदी बारीक, पण होता. संगीताच्या वर्गाबाहेर होता. याचं जुईलाच कुतूहल वाटायला लागलं. मृणालच्या पुढे जाऊन ती प्रयोगशाळेच्या दाराशी थांबायची, करून बघायची, मान हलवायची. ज्या प्रांगणात सकाळची प्रार्थना होते तिथे मात्र तिने दोनदा करून पाहिलं. काहीच उमटलं नाही. ती घाईने तिथून बाहेर पडली आणि शाळेमागे, बस उभ्या असतात तिथे जाऊन थांबली. मृणाल थोडं अंतर ठेवून मागोमाग गेली.

पिवळ्या बसच्या पत्र्यावर तळवा टेकवून जुई कुजबुजली, 'गजेंद्र भैया.'

गजेंद्र भैया त्या बसवरचे मदतनीस होते. मुलांना चढवायचं, उतरवायचं, दप्तरं वर घ्यायची. जुई नर्सरीपासून त्यांच्याच बसमध्ये होती, हे मृणालला आत्ता कळलं. जुलैअखेर ते आजारी पडले आणि गेले. हे मृणालला माहीत होतं, प्रार्थनेच्या वेळी श्रद्धांजली झाली तेव्हा ती मागे उभी होती. ती श्रद्धांजली वाचली होती जुईने. शिक्षिकेने ऐनवेळी तिच्या हातात कागद दिला होता, कारण जुई चांगलं वाचते. भैया गेल्याचं तिला त्या कागदावरूनच कळलं.

'मग तू वाचलंस,' मृणाल म्हणाली.

जुईने वाचलं होतं. स्पर्धेत वाचतात तसं, योग्य जागी थांबून, शेवटच्या वाक्याला आवाज उतरवून. संपल्यावर सवयीने मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी रागावून त्यांना गप्प केलं. आणि रांगेत परत येताना दुसऱ्या बाई जुईच्या कानात म्हणाल्या होत्या, फार सुंदर वाचलंस.

जुई हे सांगत होती ते कुजबुजत, तुटक, बसकडे तोंड करून. मग ती थांबली. आणि म्हणाली, 'हमें अच्छा लगा था.'

लखनौत मुलं स्वतःला 'हम' म्हणतात. आली तेव्हा मृणालचा यावरून गोंधळ व्हायचा, मूल एकट्याबद्दल सांगतंय की घरातल्या सगळ्यांबद्दल, हे तिला कळायचं नाही. आताही तिने विचारलं.

'हम म्हणजे? सगळ्यांना?'

'नहीं. मुझे. तालियाँ मुझे अच्छी लगीं, मॅम.'

त्यानंतर ती रडली. त्यात काय एवढं, असं मृणालच्या तोंडावर आलं नाही, कारण तिला ते तसं वाटतच नव्हतं. ज्या माणसाने रोज हात धरून बसमध्ये चढवलं त्याच्या मरणावर आपल्याला टाळ्या मिळाल्या आणि आपण क्षणभर सुखावलो, हे त्या मुलीने तेव्हापासून एकटीने गिळून ठेवलं होतं. मृणाल बसच्या पायरीवर तिच्या शेजारी बसली. रडणं ओसरल्यावर तिने विचारलं, 'भैया होते कसे?'

आणि जुई बोलायला लागली. भैया बसच्या पत्र्यावर थाप मारायचे तेव्हाच ड्रायव्हर निघायचा. कुणाला उलटी होते हे त्यांना पाठ, त्यासाठी खिशात इमलीच्या गोळ्या. पाऊस आला की स्वतः भिजायचे आणि छत्री मुलांवर. श्रद्धांजलीच्या कागदात यातलं काहीही नव्हतं. घंटा झाली तरी मृणालने तिला थांबवलं नाही.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जुईचा आवाज पुन्हा नव्हता. पण खोलीत होता, बसपाशी होता, आणि महिन्याभरात वाचनालयात मैत्रिणीशी बोलण्याइतका झाला. जुईला विचारून, ती हो म्हणाली तेवढंच मृणालने इतरांना सांगितलं. प्रिन्सिपल मॅडम आधी दुखावल्या. आम्ही तर चांगल्या मनानेच केलं होतं, म्हणाल्या. पण मग त्यांनीच शिक्षकांची बैठक घेतली. त्यानंतर शाळेत पद्धत बदलली. कुणी गेलं तर ते वर्गशिक्षक आधी वर्गात सांगतात, मुलांना प्रश्न विचारू देतात, आणि मुलाच्या हाती असा कागद कुणी देत नाही.

भास्करना हे पचायला वेळ लागला. 'एवढंसं होतं, तर मला का नाही सांगितलं तिने?' त्यांनी विचारलं.

'ते तुम्ही तिला विचारा,' मृणाल म्हणाली. 'पण उत्तर हवं असेल तरच विचारा.'

त्यांनी तिला काय विचारलं कोण जाणे, पण एका रविवारी बापलेक आलमबागच्या मागच्या गल्लीत गजेंद्र भैयांच्या घरी गेले. जायचं जुईनेच ठरवलं होतं. पुढचं भास्करांनी नंतर मृणालला सांगितलं. भैयांच्या पत्नीने चहा केला. जुईने अडखळत सांगितलं की श्रद्धांजली मी वाचली होती, आणि मला भैयांबद्दल वेगळं सांगायचं होतं. मग ते वेगळं तिने सांगितलं. त्या बाई ऐकत होत्या. मधेच भास्कर जुईशी मराठीत काहीतरी बोलले, ते ऐकून त्यांनी विचारलं, 'बिटिया, तुम मराठी हो?'

भैया घरात जेवायला बसताना सगळ्यांना म्हणायचे, 'चला, बसा, बसा.' हे कुठून उचललं, घरी कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की ते नुसते हसायचे. बस सुटताना पोरांना काय म्हणायचं ते लहानपणी जुईने त्यांना शिकवलं होतं, घरी आई म्हणते तसं. ती स्वतः ते विसरून गेली होती, ते तिला तिथे आठवलं.

हिवाळ्यात धुक्यामुळे शाळा उशिरा भरू लागली. एका सकाळी गणिताच्या तासाला जुईने हात वर केला आणि खिडकी लावू का, असं विचारलं. शिक्षकांनी मृणालच्या सांगण्याप्रमाणे कौतुक वगैरे काहीच केलं नाही, नुसतं 'लाव' म्हणाले. तिने खिडकी लावली. स्पर्धेला ती गेली नाही आणि पुढेही गेली नाही. त्याची हळहळ भास्करना अजून आहे. आता ती दहावीत आहे, बसने येते, पहिल्या बाकावर बसून छोट्यांची दप्तरं वर ओढून घेते.

टाळ्यांनी गेलेला आवाज नेमका शाळेच्या आवारापुरताच का गेला, घरी का राहिला, हे मृणालला अजून नीट उलगडलेलं नाही. मानसतज्ज्ञ बाईंनी तिला दोनतीन कारणं सांगितली, तिने त्यांवर वाचूनही पाहिलं, ती पटलीही. तरी मधल्या सुट्टीत प्रांगणातून जाताना ती कधी कधी थांबते, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघते, आणि हळूच 'म्म' करून पाहते.